दोन रंगांची कानपट्टी: नक्षीचं विणकाम पहिल्यांदा शिकताना

सुलट टाका येतो, उलट टाका येतो, एखादा मफलर किंवा साधी टोपी विणून झाली आहे आणि आता स्वेटरवर दिसते ती रंगीत नक्षी आपल्यालाही जमावी असं वाटतं आहे? मग ही कानपट्टी तुमच्यासाठी. एका फेरीत दोन रंग चालवायचे. ज्या रंगाचा टाका हवा तो धागा सुईवर घ्यायचा, दुसऱ्याने तेवढा वेळ कापडाच्या मागून आडवं जायचं. तंत्र एवढंच. त्याचं सर्वसाधारण नाव स्ट्रँडेड कलरवर्क. 'फेअर आयल' म्हणून जे ओळखलं जातं ती त्यातली एक परंपरा, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध असलेल्या एका छोट्या बेटाची. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स तसला स्वेटर घालून गोल्फ खेळायला गेले आणि मच्छीमारांच्या अंगावरची नक्षी एकदम फॅशनमध्ये आली. पण त्या स्वेटरात कितीही रंग दिसले तरी पारंपरिक पद्धतीत एका फेरीत दोनच रंग असतात. म्हणजे तुम्ही आता जे शिकणार आहात त्यापेक्षा वेगळं तिथेही काही घडत नाही.

नवशिक्यांना भीती वाटते ती नक्षीची. खरं तर नक्षी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. टाके सगळे सुलट, आणि कुठे कुठला रंग ते ग्राफमध्ये लिहिलेलं असतं. शिकायची गोष्ट मागच्या बाजूला आहे: मागून जाणारा धागा किती सैल सोडायचा. तो आखडला की कापड चुण्या पडून आकसतं, फार सैल झाला की टाके ढगळ दिसतात आणि बोटं अडकतात. या लेखातला बराचसा मजकूर त्या एका धाग्याबद्दलच आहे.

कानपट्टीच का? मफलर सपाट विणावा लागतो, त्यामुळे प्रत्येक दुसरी ओळ उलट बाजूने, म्हणजे धागे तुमच्या तोंडासमोर आणि नक्षी पलीकडे. शिवाय मफलरची मागची बाजू लपत नाही. हातमोजे लहान असतात, पण ते चार-पाच सुयांवर फिरवावे लागतात आणि जिथे एक सुई संपून दुसरी सुरू होते नेमका तिथेच मागचा धागा आखडतो. कानपट्टी एकाच गोल सुईवर होते, टाके वाढवायचे-घटवायचे नसतात, नक्षीच्या फेऱ्या पंधराच. आणि मागून धागे गेल्यामुळे कापड दुहेरी होतं, कानांना ऊब चांगली मिळते.

लोकर आणि सुया

मध्यम जाडीची लोकर घ्या, लेबलवर डी.के. लिहिलेली; काही ठिकाणी तिलाच ८ प्लाय म्हणतात. ५० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण ११० ते १२५ मीटर धागा असतो. गडद रंगाचा एक आणि फिकट रंगाचा एक गुंडा पुरतो, फिकट तर बराच उरेल. दोन्ही रंग एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे असलेले बरे. जाडीत थोडाही फरक असला की नक्षी एका बाजूला झुकल्यासारखी दिसते.

शुद्ध लोकर मिळत असेल तर तीच घ्या. तिच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे शेजारशेजारचे टाके एकमेकांना धरून राहतात आणि धुतल्यावर छोटेमोठे फरक मिटून जातात. मशीनमध्ये धुता येणारी, सुपरवॉश म्हणून विकली जाणारी लोकर प्रक्रिया करून गुळगुळीत केलेली असते. चालते, पण सरकते. ॲक्रिलिकवर सरावाला हरकत नाही. फक्त तिथे सुईवर जसं विणलं जाईल जवळजवळ तसंच ते शेवटपर्यंत राहतं, धुऊन फारसं सुधारत नाही. केसाळ लोकर मात्र नकोच. तिच्यात नक्षीच्या कडा पुसट होतात आणि उसवायची वेळ आली तर रडू येतं.

रंग निवडताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, फोनवर ठेवा. दोन्ही गुंडे शेजारी ठेवून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर ती जोडी बाद. लाल आणि हिरवा हे नेहमीचं उदाहरण: दुकानात एकमेकांना उठाव देतात, पण अनेकदा दोघांची गडदता सारखी असते आणि विणल्यावर नक्षी विरघळून जाते. पहिल्या कामाला तरी गडद निळा आणि पांढुरका, तपकिरी आणि साय रंग अशी ढळढळीत जोडी घ्या. गडद रंग जातो का हे आधीच तपासा. त्याचा एक तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवायचा. फडक्यावर डाग आला तर दुसरा रंग शोधलेला बरा.

सुया दोन लागतील, दोन्ही ४० सेंटिमीटर लांबीच्या गोल सुया: एक ४ मिमीची नक्षीसाठी, एक ३.२५ मिमीची काठासाठी. इथे एक घोळ हमखास होतो. जुन्या ब्रिटिश क्रमांकात ४ मिमी म्हणजे ८ नंबर आणि ३.२५ मिमी म्हणजे १० नंबर, नंबर वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकन क्रमांकात उलटं, तिथे ८ नंबरची सुई ५ मिमीची असते. म्हणून नंबर सोडा आणि मिलिमीटर बघा. याशिवाय बोथट टोकाची जाड सुई, कात्री, एक क्रोशाची सुई आणि खुणेसाठी मार्कर. मार्कर नसतील तर वेगळ्या रंगाच्या धाग्याचे छोटे फासे चालतात.

नमुना तुकडा टाळू नका

मलाही नमुना तुकडा विणायचा कंटाळा येतो आणि साध्या मफलरला मी तो कधी विणत नाही. पण इथे विणावाच लागतो, कारण दोन रंगांत बहुतेकांचा हात साध्या विणकामापेक्षा घट्ट पडतो आणि कानपट्टी डोक्यावरून जायला तर हवी.

तो विणण्याचीही एक रीत आहे. कानपट्टी गोल विणायची असल्याने सगळ्या फेऱ्या सुलट बाजूनेच होतात, मग तुकडाही तसाच हवा. ४ मिमीच्या गोल सुईवर २८ टाके घाला: दोन्ही कडांना दोन-दोन आणि मध्ये नक्षीचे २४. ओळ संपली की काम उलटवायचं नाही. टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, दोन्ही धागे मागून भरपूर सैल सोडून पुन्हा उजव्या टोकाला आणा आणि परत सुलट ओळ विणा. कडेचे टाके दोन्ही धागे एकत्र धरून विणले की कड सुटत नाही. पुढे दिलेल्या नक्षीच्या सगळ्या फेऱ्या एकदा विणून टाके बंद करा, मागचे लांब सोडलेले धागे मधोमध कापा, तुकडा धुवा, वाळवा आणि मग मोजा.

१० सेंटिमीटरमध्ये २२ टाके यायला हवेत. २२ आले तर १०८ टाक्यांची कानपट्टी ४९ सेंटिमीटरची होते, ५३ ते ५६ सेंटिमीटर घेराच्या डोक्याला नीट बसणारी. २४ आले तर तीच ४५ सेंटिमीटरची होईल आणि कपाळावर वळ उठतील, ४.५ मिमीची सुई घ्या. २० आले तर ५४ सेंटिमीटरची, म्हणजे गळ्यात येणारी, ३.७५ मिमीवर या. डोक्याचा घेर ५७ किंवा त्याहून मोठा असेल तर १२० टाके घाला, लहान मुलासाठी ९६. हे तिन्ही आकडे १२ च्या पटीत आहेत. यातल्या नक्षीला तेवढीच एक अट आहे.

एक लक्षात असू द्या: दुरंगी कापड साध्या विणीइतकं ताणलं जात नाही, कारण मागचे धागे त्याला धरून ठेवतात. 'घातल्यावर ताणेल' हा हिशेब इथे चालत नाही.

काठ

३.२५ मिमीच्या सुईवर गडद रंगाने १०८ टाके घाला. दुहेरी धाग्याच्या पद्धतीने घालत असाल तर सुरुवातीला जवळपास दोन मीटर धागा सोडा. शंभराव्या टाक्याला धागा संपणं फार जिवावर येतं. गोल जोडण्याआधी सुई टेबलावर ठेवून सगळ्या टाक्यांची खालची कड आतल्या बाजूला आहे ना हे शांतपणे बघून घ्या. एक जरी पीळ राहिला तरी तो नंतर काढता येत नाही, सगळं उसवावं लागतं. मार्कर अडकवा, जोडा, आणि २ सुलट २ उलट अशा ६ फेऱ्या विणा. साधारण दोन सेंटिमीटरचा काठ होईल.

आता ४ मिमीच्या सुईवर यायचं. टाके हलवायची गरज नाही. पुढची फेरी नव्या सुईने विणायला घेतली की फेरी संपेपर्यंत सगळे टाके आपोआप तिच्यावर येतात.

धागे कसे धरायचे

याच्या तीन-चार रीती आहेत आणि प्रत्येकीचे कट्टर भक्त आहेत. दोन्ही धागे उजव्या हातात, दोन्ही डाव्या हातात, एकेक दोन्ही हातांत, किंवा एका वेळी एकच धागा धरून रंग बदलताना तो सोडायचा आणि दुसरा उचलायचा. आपल्याकडच्या बहुतेकांसारखा तुम्हीही धागा उजव्या हाताने सुईवर टाकत असाल, तर पहिल्या काही फेऱ्या सोडा-उचला पद्धतीनेच करा. वेग कमी, पण डोकं मोकळं राहतं आणि मागच्या धाग्याकडे लक्ष देता येतं. हात बसला की मग फिकट धागा डाव्या हाताच्या तर्जनीवर घेऊन बघा. सुरुवातीला डावा हात अगदी परका वाटेल. पण पहिल्या फेऱ्यांत चार टाक्यांत एकच टाका फिकट आहे, तेवढ्यासाठी तो तयार होतो.

कुठलीही रीत घ्या, एक नियम मोडायचा नाही: फिकट धागा नेहमी खालून येणार, गडद नेहमी वरून. सोडा-उचला करताना फिकट धागा उचलायचा तो गडदच्या खालून आणि गडद उचलायचा तो फिकटच्या वरून. दोन्ही हातांनी विणताना डाव्या हातातला धागा आपोआप खालून येतो, म्हणून फिकट डावीकडे. याचे दोन फायदे आहेत. धाग्यांना पीळ पडत नाही, एक गुंडा डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवला की शेवटपर्यंत तसेच राहतात. दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा. खालून येणाऱ्या धाग्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि उठून दिसतात. नक्षी फिकट रंगाची आहे, तेव्हा उठाव तिलाच मिळायला हवा. मध्येच वर-खाली बदललं तर पुढून अर्धी नक्षी ठळक आणि अर्धी मलूल दिसते, आणि का ते पुढून बघून कळत नाही. काम उलटं करून मागे बघा: प्रत्येक फेरीत गडद धागा वर आणि फिकट त्याच्या खाली असे दोन समांतर रस्ते दिसायला हवेत.

नक्षी

ग म्हणजे गडद, फ म्हणजे फिकट. ग्राफ कागदावर हे रंगवून घेतलंत तर फार सोपं जाईल. ग्राफ खालून वर आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा, गोल विणताना प्रत्येक फेरी उजवीकडूनच. कागदावर एक पट्टी ठेवा, पण चालू फेरीच्या वर. झालेल्या फेऱ्या उघड्या राहिल्या तर त्यांच्याशी ताडून बघता येतं.

फेरी १: सगळे ग
फेरी २: ३ग १फ, असं २७ वेळा
फेरी ३: सगळे ग
फेरी ४: १ग १फ २ग, असं २७ वेळा
फेरी ५: सगळे ग
फेरी ६: २ग १फ ३ग, असं १८ वेळा
फेरी ७: १ग ३फ २ग, असं १८ वेळा
फेरी ८: २फ १ग २फ १ग, असं १८ वेळा
फेरी ९: फेरी ७ प्रमाणे
फेरी १०: फेरी ६ प्रमाणे
फेरी ११: सगळे ग
फेरी १२: फेरी ४ प्रमाणे
फेरी १३: सगळे ग
फेरी १४: फेरी २ प्रमाणे
फेरी १५: सगळे ग

वर आणि खाली ठिपके, मध्ये गडद डोळ्याच्या शंकरपाळ्यांची रांग. नॉर्वेतल्या सेटेस्डाल खोऱ्यातल्या जुन्या स्वेटरांवर काळ्या जमिनीवर असेच पांढरे ठिपके पसरलेले असतात. इथे ते आधी घेतलेत ते सोयीसाठी: दुरंगी फेरी झाली की लगेच एक साधी फेरी विश्रांतीला मिळते.

फेरी २ मध्ये फिकट धागा पहिल्यांदा येईल. गाठ मारू नका. १५ सेंटिमीटर शेपूट सोडा आणि चौथा टाका सरळ त्या धाग्याने विणा. तो पहिला टाका लोंबल्यासारखा दिसेल, दिसू द्या. फेरी ३ मध्ये फिकट धागा मार्करपाशी नुसता थांबून राहतो, फेरी ४ मध्ये तिथूनच वर येतो. तो वर घेताना ओढायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. रंग बदलायच्या आधी, प्रत्येक वेळी, उजव्या सुईवर नुकतेच विणलेले टाके बोटांनी उजवीकडे सारून पसरवा. नुसते सरकवायचे नाहीत. कापड तिथे जसं सपाट बसणार आहे तेवढ्या रुंदीचे होईपर्यंत पसरवायचे. मग नवा धागा त्या पसरलेल्या टाक्यांच्या मागून आणा आणि पुढचा टाका विणा. फेरी ६ मध्ये हे स्पष्ट दिसेल. तिथे दोन फिकट टाक्यांच्या मध्ये पाच गडद टाके आहेत, म्हणजे फिकट धाग्याला मागून सव्वादोन सेंटिमीटर जायचं आहे. सुईवर ते पाच टाके दाटीने बसले असतील तर तेच अंतर जेमतेम दीड सेंटिमीटर वाटतं. हात तेवढाच धागा सोडतो, आणि टाके सुईवरून उतरल्यावर कापड त्या दीड सेंटिमीटरमध्ये गोळा होतं. चुण्या पडतात त्या अशा. फिकट टाका विणून झाल्यावर धागा 'जरा घट्ट करून घेऊ' म्हणून ओढायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल. साध्या विणकामात ती खपून जाते.

किती सैल हे कसं ओळखायचं? वीस-पंचवीस टाके झाले की काम उलटं करून कापड आडवं हलकेच ताणा. मागचा धागा सरळ रेषेत यावा आणि तिथेच थांबावा. कापड ताणलं जायच्या आधीच धागा ताठ झाला तर तो आखूड आहे, ताणल्यावरही खाली झोळ राहिला तर जास्त सैल. शंका असेल तेव्हा सैलच्या बाजूला राहा. सैल टाका धुतल्यावर बराचसा सावरतो, आखडलेला धागा काही केल्या लांब होत नाही.

हात तरीही घट्टच पडतो आहे? मग काम आतून बाहेर करा. कानपट्टीचं नळकांडं असं उलटवा की नक्षी आत आणि धागे बाहेर येतील, आणि सुयांची टोकं तुमच्यापासून लांबच्या कडेला ठेवून विणा. नक्षीची बाजू तुमच्याकडेच असेल, फक्त नळकांड्याच्या आतून दिसेल. मागचे धागे आता बाहेरून वळसा घेतात, बाहेरचा घेर मोठा म्हणून ते आपसूक थोडे लांब पडतात. दिसायला विचित्र, पण गुणकारी आहे. विशेषतः लहान घेराच्या कामात, हातमोजे किंवा बाहीत, मी तर ही रीत पहिल्या फेरीपासूनच घ्यायला सांगेन.

या नक्षीच्या दुरंगी फेऱ्यांत सलग पाचपेक्षा जास्त टाके एका रंगाचे कुठेच येत नाहीत, म्हणून मागचा धागा मध्ये अडकवावा लागत नाही. सहा-सात किंवा जास्त टाक्यांची मोकळी धाव असलेल्या नक्षीत मात्र मधल्या एखाद्या टाक्यापाशी दोन्ही धाग्यांना एक वेढा देऊन मागचा धागा पकडून ठेवतात. तसं करायची वेळ आली तर लागोपाठच्या फेऱ्यांत एकाच टाक्यावर पकडू नका, पुढून तिथे रंग डोकावतो.

फेरी ७ पासून आकडे मोजणं सोडा आणि कापड वाचा. फेरी ७ च्या तीन फिकट टाक्यांमधला मधला टाका बरोबर फेरी ६ च्या एकट्या फिकट टाक्यावर बसतो. फेरी ८ मध्ये त्याच जागी गडद डोळा येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फिकट. खालचा टाका बघून वरचा ठरवता यायला लागला की ग्राफकडे अधूनमधूनच बघावं लागतं, आणि चूक दहा टाक्यांत कळते, फेरीच्या शेवटी नाही. तरी पहिल्या खेपेला दर बारा टाक्यांवर एक मार्कर ठेवाच. मार्करपाशी नक्षी जुळली नाही तर चूक त्या बारा टाक्यांतच आहे.

फेरी जिथे सुरू होते तिथे शंकरपाळी एका पायरीने सरकलेली दिसेल. ती तुमची चूक नाही. गोल विणकाम जिन्यासारखं चढत जातं, म्हणून फेरीचा शेवट सुरुवातीपेक्षा एक टाका वर असतो. ती जागा डोक्याच्या मागच्या बाजूला घ्या आणि विसरा.

चूक सापडली तर

त्याच फेरीत सापडली तर एकेक टाका मागे विणत जा. दोन-तीन फेऱ्या खाली एखादाच टाका चुकीच्या रंगाचा दिसला तर उसवायचं काहीच कारण नाही. बोथट सुईत योग्य रंगाचा धागा ओवा आणि त्या टाक्याच्या वाटेवरूनच, दोन पायांच्या त्या आकारावर, नवा टाका घाला. खालचा चुकीचा टाका पूर्ण झाकला जातो. पाच-सहा टाक्यांपर्यंत ही युक्ती चालते, पुढे कापड तिथे जाड लागायला लागतं. दुसरा मार्ग म्हणजे तेवढाच एक टाका चुकलेल्या फेरीपर्यंत खाली सोडायचा आणि क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणताना प्रत्येक ठिकाणी हव्या त्या रंगाचा धागा उचलायचा.

अख्खी फेरी एका टाक्याने सरकली असेल तर मात्र उसवा. अशा फेरीवरून नजर हटत नाही.

नक्षी बरोबर आहे पण कापड आकसलेलं आहे, ही वेगळी तक्रार. फेरी ६ झाल्यावर कानपट्टी सुईवर पसरवून काठाशी ताडून बघा. नक्षीचा भाग काठापेक्षा आत ओढलेला दिसत असेल तर आत्ताच फेरी १ पर्यंत मागे या आणि अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्या. धुऊन सुटेल ही आशा इथे कामाची नाही.

शेवटचा काठ, टोकं आणि पाणी

फेरी १५ नंतर फिकट धागा कापा, पुन्हा ३.२५ मिमीच्या सुईवर या आणि २ सुलट २ उलट अशा ६ फेऱ्या. टाके बंद करताना सुलटवर सुलट आणि उलटवर उलट असेच बंद करा, आणि हात सैल ठेवा. तो जमत नसेल तर उजव्या हातात ४ मिमीची सुई घ्या. एकूण उंची दहा सेंटिमीटरच्या आसपास भरेल.

टोकं आत ओवताना गडद टोक गडद धाग्यांच्या मागे आणि फिकट फिकटच्या मागे न्या. फिकट टोक गडद भागातून नेलं तर टाक्यांच्या फटींतून पांढरं चमकतं.

सुईवरून उतरलेलं दुरंगी काम कधीच सुंदर दिसत नाही. काही टाके फुगलेले, काही बुडालेले, सगळं जरा अंग चोरून बसलेलं. निराश व्हायच्या आधी ते कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. दोन तळव्यांत दाबून पाणी काढा, टॉवेलात गुंडाळून वरून दाब द्या, मग सपाट पसरून हाताने आकार द्या. दोन्ही बाजूंना घडी पडू नये म्हणून आत एक गुंडाळलेला टॉवेल सरकवा. टांगून वाळवू नका, ओल्या लोकरीचं वजन तिला खाली खेचतं. वाळेपर्यंत लोकर फुलते, टाके आपापल्या जागी बसतात, आणि सुईवर असताना दोन पायांचे वेगळे दिसणारे टाके एकसंध रंगाच्या पट्ट्यासारखे दिसायला लागतात. इस्त्री नको, विशेषतः काठावर. एकदा चपटा झाला की तो परत आवळत नाही.

पुढे काय

दुसरी कानपट्टी स्वतःच्या नक्षीची करा. ग्राफ कागदावर १२ घरं रुंद आणि १५ घरं उंच चौकट आखा आणि मनाला येईल ते भरा. अटी दोनच: एका ओळीत दोनच रंग, आणि एका रंगाची सलग घरं पाचपेक्षा जास्त नाहीत. चौकटीच्या डाव्या कडेचे टाके पुढच्या चौकटीच्या उजव्या कडेला भिडतात, तेव्हा मोजताना तो सांधाही धरा. तिरप्या रेषांच्या आकृत्या आधी घ्या. त्यांत रंग प्रत्येक फेरीत थोडा सरकतो, त्यामुळे मागचे धागे सगळीकडे सारखे विखुरतात. उभ्या पट्ट्यांत रंगबदल प्रत्येक फेरीत एकाच जागी येतो आणि तिथे खाच पडते.

सपाट, उलट ओळींसकट दुरंगी विणण्याच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका. शेटलंडच्या विणकरणीही ते टाळत. पुढून उघडणारा स्वेटरसुद्धा त्या बंद नळकांड्यासारखा गोल विणत आणि मग मधोमध कात्रीने कापत. अस्सल लोकरीचे टाके एकमेकांना धरून राहतात म्हणून ते जमतं.

टोपी मात्र लगेच करता येईल. सुरुवातीचा काठ आणि १५ फेऱ्या याच. नंतर दुसरा काठ न विणता गडद रंगाने सुरुवातीपासून १४ सेंटिमीटर होईपर्यंत साध्या सुलट फेऱ्या. मग '१० सुलट, २ टाके एकत्र सुलट' असं ९ वेळा. त्यानंतर एक साधी फेरी. मग ९ सुलट आणि २ एकत्र. पुन्हा एक साधी. असे एकाआड एक फेरीत ९ टाके कमी होत जातील. टाके गोल सुईवर पुरेनासे झाले की दोन्ही बाजूंनी टोकं असलेल्या सुयांवर घ्यायचे, पण नक्षी मागे राहिलेली असते, त्यामुळे त्या सुयांची भीती नाही. ९ टाके उरले की धागा कापून बोथट सुईत ओवा, सगळ्या टाक्यांतून दोनदा फिरवा, ओढून भोक बंद करा आणि टोक आतल्या बाजूला टाचा.